स्वालबार्डचे सरासरी तापमान तिथल्या प्रत्येक केंद्राच्या सरासरीपेक्षा कमी कसे?

रेवती_कराड यांचा प्रश्न

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. भारताचे 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र स्वालबार्डमध्ये नी-ओलेसुंड येथे २००८ सालापासून आहे, हे आमच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे, आणि त्यामुळेच बारावीच्या एका गटाने यंदाच्या प्रकल्पासाठी हा द्वीपसमूह निवडला. उत्तर अक्षवृत्त ७४ ते ८१ अंशांच्या दरम्यान पसरलेल्या, सुमारे ६१,००० चौरस किलोमीटर क्षेत्रफळाच्या या नॉर्वेजियन बेटांचा तापमान-नकाशा काढायचा, एवढाच बेत होता. विद्यार्थ्यांनी समताप रेषा (समान तापमानाची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) साहजिकच अक्षवृत्तांना समांतर काढल्या. नंतर नॉर्वेच्या हवामान संस्थेची १९६१ ते १९९० या तीस वर्षांची वार्षिक सरासरी त्या नकाशावर मांडली, तेव्हा कुठलाच आकडा रेषेत बसेना.

आमच्यापुढचे आकडे असे आहेत. ब्यॉर्नया बेट, साडेचौऱ्याहत्तर अंशांवर, उणे २.४ अंश सेल्सिअस. होपेन बेट, साडेशहात्तर अंशांवर, उणे ६.४. लाँगइयरबेनचा विमानतळ, ७८.२ अंशांवर, उणे ६.७. नी-ओलेसुंड, ७८.९ अंशांवर, उणे ६.३. म्हणजे चारांपैकी सर्वांत उत्तरेचे केंद्र लाँगइयरबेनपेक्षा किंचित उबदार आहे आणि त्याच्या दक्षिणेला जवळजवळ अडीच अंश असलेल्या होपेनच्या बरोबरीचे आहे. हे कसे घडते?

दुसरा प्रश्न मला अधिक छळतो आहे. स्वालबार्डच्या हवामानाविषयी २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेजियन अहवालात संपूर्ण भूभागाची १९७१ ते २००० या काळातील सरासरी उणे ८.७ अंश दिली आहे. कालावधी थोडा वेगळा आहे हे मान्य, परंतु पूर्ण प्रदेशाची सरासरी त्यातील एकाही केंद्राच्या जवळ जात नाही, उलट सर्वांच्या खाली उतरते, याचा अर्थ विद्यार्थ्यांना कसा समजावून सांगावा? आणि असे असेल तर 'हिमाद्री'च्या परिसरातील नोंदी 'स्वालबार्डचे तापमान' म्हणून वापरणे कितपत योग्य आहे?

खारवारा यांचे उत्तर

आपल्या विद्यार्थ्यांनी आकडे नकाशावर मांडून पाहिले आणि ते बसत नाहीत हे मान्य केले, याचे मला मनापासून कौतुक वाटते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर समुद्रात आहे, म्हणून मी त्यापुरतेच लिहितो. उंचीचा भाग जाणकारांनी हाताळावा.

स्वालबार्डच्या पश्चिम किनाऱ्याला लागून अटलांटिकचे कोमट आणि खारट पाणी उत्तरेकडे वाहते. गल्फ प्रवाहाचीच ही लांबवर गेलेली शाखा असून तिला पश्चिम स्पिट्सबर्गन प्रवाह म्हणतात. तिच्या गाभ्यातील पाणी ऐन हिवाळ्यातही शून्याच्या बरेच वर असते. पूर्वेकडची स्थिती नेमकी उलटी आहे. तिथे बॅरेंट्स समुद्राच्या उत्तर भागातून थंड, कमी खारट पाणी आणि त्यासोबत तरंगता बर्फ दक्षिणेकडे उतरतो, स्पिट्सबर्गन या मुख्य बेटाच्या दक्षिण टोकाला वळसा घालतो आणि काही अंतर पश्चिम किनाऱ्यालाही चिकटून जातो. होपेन हे अरुंद, लांबट बेट या थंड पाण्यात उभे आहे. ब्यॉर्नया हे त्याच बॅरेंट्स समुद्राच्या पश्चिम कडेला, कोमट आणि थंड पाणी जिथे एकमेकांना भिडते त्या सीमेजवळ आहे, आणि त्यामुळे त्याचे हवामान बरेचसे सागरी राहते.

पाण्याच्या तापमानातील चार-पाच अंशांचा फरक मुळात फार मोठा नाही. त्याचा हवेवर होणारा परिणाम मोठा होतो तो समुद्र गोठतो की नाही यामुळे. खारे पाणी साधारण उणे १.८ अंशाला गोठते, म्हणजे समुद्र जोवर उघडा आहे तोवर त्याचा पृष्ठभाग याहून थंड होऊच शकत नाही, आणि त्यावरून वाहणाऱ्या उणे वीस अंशांच्या हवेला तो सतत उष्णता देत राहतो. एकदा का त्यावर बर्फाचा थर बसला आणि बर्फावर हिम साचले की ही उष्णता खालीच अडकते, बर्फाचा वरचा पृष्ठभाग आकाशाकडे उष्णता टाकत निवत जातो, आणि लगतची हवा पाहता पाहता उणे तीसपर्यंत उतरू शकते. हिवाळ्यात एखादे बेट उबदार राहील की गारठेल, हे अक्षवृत्तापेक्षा त्या आठवड्यात बर्फाची कड बेटाच्या अलीकडे आहे की पलीकडे, यावर अधिक अवलंबून असते.

आता आपले आकडे पुन्हा पाहा, परंतु वार्षिक सरासरी बाजूला ठेवून महिन्यांची पाहा. त्याच १९६१–१९९० च्या काळात फेब्रुवारीची सरासरी ब्यॉर्नयावर उणे ७.७, नी-ओलेसुंडला उणे १४.६ आणि लाँगइयरबेन विमानतळावर उणे १६.२ होती. जुलैची सरासरी अनुक्रमे ४.४, ४.९ आणि ५.९ होती. हिवाळ्यात साडेआठ अंशांची तफावत आणि उन्हाळ्यात जेमतेम दीड अंशाची, तीही उलट क्रमाने! दक्षिणेचे ब्यॉर्नया जुलैत तिघांत सर्वांत थंड असते, कारण चहूकडच्या थंड समुद्राने आणि धुक्याने ते वेढलेले असते. लाँगइयरबेन इसफ्योर्ड या मोठ्या खाडीच्या बरेच आत आहे. तिथे हिवाळ्यात थंडी अधिक आणि उन्हाळ्यात ऊबही अधिक, असे थोडे खंडांतर्गत वळण हवामानाला लागते. नी-ओलेसुंड काँग्सफ्योर्ड या खाडीच्या तोंडाकडे, खुल्या समुद्राच्या जवळ आहे. वार्षिक सरासरीत नी-ओलेसुंड जे ०.४ अंशांनी पुढे दिसते, ते हिवाळ्यातील या सागरी सौम्यपणाचे फळ आहे.

याच कारणामुळे ही बेटे त्यांच्या अक्षवृत्ताच्या मानाने विलक्षण उबदार ठरतात. कॅनडातील युरेका हे केंद्र नी-ओलेसुंडपेक्षा जेमतेम एका अंशाने उत्तरेला आहे, आणि तिथली वार्षिक सरासरी उणे १८ ते १९ अंशांच्या आसपास राहिली आहे. अक्षवृत्ताने ठरणारा सूर्यप्रकाश दोन्हीकडे जवळपास सारखाच असतो. दहा-बारा अंशांचा हा फरक समुद्र आणि वारे मिळून घडवतात.

हिमालेख यांचे उत्तर

वरील उत्तराशी मी सहमत आहे. परंतु उणे ८.७ चे कोडे समुद्राने सुटणार नाही. त्यासाठी किनारा सोडून आत आणि वर जावे लागेल. गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राच्या उन्हाळी मोहिमेतून मला नी-ओलेसुंडला काम करण्याची संधी मिळाली होती, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपण दिलेली चारही केंद्रे समुद्रकाठी, अगदी कमी उंचीवर आहेत. विमानतळावरील केंद्राची उंची २८ मीटर आहे. माणसे जिथे राहू शकली, जहाज जिथे लागू शकले, तिथेच तापमापक लागले, आणि ते स्वाभाविकही होते. प्रत्यक्षात मात्र या द्वीपसमूहाचा निम्म्याहून अधिक भाग हिमनद्यांखाली आहे. सर्वोच्च शिखर न्यूटनटॉपेन १,७१३ मीटर उंच आहे. ईशान्येच्या नॉर्डऑस्टलँड बेटावरील ऑस्टफोना हा एकच हिमच्छद (जमीन झाकून घुमटासारखा पसरलेला बर्फाचा थर) सुमारे आठ हजार चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याएवढा, आणि त्याचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटरवर आहे. त्या माथ्यावर वर्षभर माणूस बसून नोंदी घेत नाही. संपूर्ण प्रदेशाची सरासरी काढताना ही सर्व उंच, हिमाच्छादित आणि पूर्वेकडची थंड भूमी हिशेबात येते, आणि तिचे क्षेत्रफळ किनारपट्टीपेक्षा कितीतरी मोठे असल्यामुळे सरासरी खाली ओढली जाते. उणे ८.७ हा कुठल्याही तापमापकावर वाचलेला आकडा नाही. केंद्रांच्या नोंदी, उंची आणि हवामान-प्रतिमाने (हवामानाची संगणकीय गणिते) यांच्या साहाय्याने केलेला तो अंदाज आहे. चारही केंद्रे त्या प्रदेशाच्या उबदार अर्ध्यात असल्यामुळे सरासरी त्यांच्या खाली जाणे हेच अपेक्षित आहे.

तथापि उंचीचा नियम तिथे वर्षभर सरळ चालत नाही, आणि विद्यार्थ्यांनी हा भाग नीट पाहावा असे मला वाटते. आपण पाठ्यपुस्तकातून किलोमीटरला साडेसहा अंश हा तापमानघटीचा दर शिकवतो. स्वालबार्डच्या हिवाळ्यात वारा पडला आणि आकाश निरभ्र झाले की जमिनीलगतची हवा इतकी निवते की तापमानाची विपरीतता, म्हणजे खाली थंड आणि वर उबदार हवा अशी उलटी स्थिती, तयार होते. तिथे ती पहाटे येऊन उन्हाबरोबर ओसरत नाही, कारण ऊनच नसते. नी-ओलेसुंडला साधारण २४ ऑक्टोबरपासून १८ फेब्रुवारीपर्यंत सूर्य क्षितिजावर येत नाही. या काळात दिवस-रात्रीचे तापमानचक्र जवळजवळ नाहीसे होते, आणि थर्मामीटर हलतो तो ढगांमुळे, वाऱ्यामुळे आणि दक्षिणेकडून येणाऱ्या वादळांमुळे. विपरीततेचा थर कायम असेल तेव्हा गावाच्या पाठीशी ४७४ मीटरवर असलेली झेपेलिन वेधशाळा खालच्या गावापेक्षा उबदार असू शकते. नी-ओलेसुंडहून जर्मन-फ्रेंच केंद्र रोज हवामानाचा फुगा सोडते; त्याच्या आलेखात हिवाळ्यातील ही उलटी पायरी वारंवार दिसते.

लाँगइयरबेनजवळच्या आडव्हेंटडालेन या रुंद दरीतही असेच घडते. थंड हवा जड असल्यामुळे उतारांवरून घरंगळून दरीच्या तळाशी साचते आणि मग हळूहळू समुद्राकडे वाहू लागते. अशा शांत रात्री दरीचा तळ काही किलोमीटरवरच्या विमानतळापेक्षा कित्येक अंशांनी थंड असतो आणि दरीच्या बाजूचे पठार तळापेक्षा उबदार असते. वारा सुटला की हा साचलेला थर ढवळला जातो आणि तासाभरात तापमान झपाट्याने चढते. एकाच दरीत, एकाच रात्री, अक्षवृत्तात काडीचाही फरक नसताना हे सारे घडते.

उन्हाळ्यातील एक गोष्ट मी स्वतः अनुभवली आहे. नी-ओलेसुंडहून पश्चिम ब्रॉगर हिमनदीकडे पायी जाता येते. अस्वलांच्या भीतीमुळे वस्तीबाहेर पडताना बंदूक सोबत ठेवावीच लागते, त्यामुळे चाल मंद असते. जुलैच्या उन्हात, काळ्या खडीच्या आणि हिमनदीने आणून टाकलेल्या दगडगोट्यांच्या मैदानातून चालताना जाकिटाची चेन उघडावी लागते. शेवाळ्यात लहान पांढरी-जांभळी फुले असतात आणि जमिनीतून हलकी वाफ येत असल्याचा भास होतो. हिमनदीचे तोंड जवळ आले की एका ठरावीक टप्प्यावर समोरून पातळ, सलग, गार वारा पायांवर येऊ लागतो. तो छातीपेक्षा घोट्यांना आधी जाणवतो. वितळणाऱ्या बर्फाचा पृष्ठभाग शून्याच्या वर जाऊ शकत नाही, त्यामुळे त्यावरची हवा निवून उताराने खाली वाहत असते, आणि तिचा थर जमिनीलगत पातळच असतो. थोडक्याच अंतरात चेन पुन्हा लावावी लागते आणि हातमोजे बाहेर निघतात. नकाशावर ही दोन्ही ठिकाणे एकाच ठिपक्यात बसतात.

'हिमाद्री'च्या नोंदींविषयी आपण विचारले आहे. त्या भागातील नोंदी उत्तम दर्जाच्या आहेत. भारताने २०१४ साली काँग्सफ्योर्डच्या पाण्यात 'इंडार्क' ही नांगरलेली वेधशाळा सोडली, २०१६ पासून ग्रुव्हेबाडेट येथे वातावरणाची उपकरणे चालू आहेत, आणि डिसेंबर २०२३ पासून भारतीय चमू हिवाळ्यातही तिथे राहू लागले आहेत. काँग्सफ्योर्डमध्ये अटलांटिकचे पाणी किती शिरले आणि त्याने हवा किती तापली, हे शोधायचे असेल तर याहून चांगली जागा क्वचितच मिळेल. त्या नोंदींना 'नी-ओलेसुंडचे तापमान' म्हणावे. 'स्वालबार्डचे तापमान' म्हणू नये.

रेवती_कराड

दोघांचेही आभार. फेब्रुवारी आणि जुलैचे आकडे शेजारी ठेवल्यावर वर्गात एकदम चर्चा पेटली. त्यातून दोन शंका निघाल्या. पहिली अशी की किनाऱ्यावरील आकड्यांवरून आतल्या डोंगराळ भागाचे तापमान काढण्यासाठी विद्यार्थ्यांनी कुठला दर वापरावा? दुसरी अशी की बातम्यांत 'स्वालबार्ड सहा-सात पटींनी वेगाने तापत आहे' असे वाचायला मिळते. हे तापणे सर्व बेटांवर सारखेच आहे का, की त्यातही असाच फरक आहे?

मोजमाप यांचे उत्तर

आधी दुसरी शंका घेतो, कारण तिच्यामुळे पहिल्या शंकेचे उत्तर बदलते.

तापमानवाढ सर्वत्र सारखी नाही. नॉर्वेजियन अहवालानुसार १९७१ ते २०१७ या काळात स्वालबार्डमध्ये ३ ते ५ अंशांची वाढ नोंदली गेली, आणि ती हिवाळ्यात सर्वाधिक व उन्हाळ्यात सर्वांत कमी आहे. दक्षिणेकडील हॉर्नसुंड येथे पोलंडचे केंद्र १९७८ पासून अखंड चालू आहे. तिथल्या १९७९ ते २०१८ च्या नोंदींत दर दशकाला १.१४ अंशांची वाढ दिसते, म्हणजे त्याच काळातील जागतिक सरासरीच्या सहापटींहून अधिक. आपण बातमीत वाचलेला आकडा बहुधा अशाच नोंदींवरून आला असावा. परंतु सर्वांत तीव्र वाढ याहून पूर्वेला आणि उत्तरेला आहे. बॅरेंट्स समुद्राच्या उत्तर भागातील बेटांवरील स्वयंचलित केंद्रांच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात वार्षिक वाढ दशकाला २.७ अंशांपर्यंत आणि शरद ऋतूत ४ अंशांपर्यंत आढळली.

याचे कारण खारवारा यांनी वर स्पष्ट केले आहे. पश्चिम किनाऱ्यालगतचा समुद्र पूर्वीपासूनच बराचसा उघडा होता, त्यामुळे तिथे बर्फ हटून होणारा बदल मर्यादित राहिला. पूर्वेला मात्र जिथे दहा-दहा महिने बर्फ असे, तिथे आता हिवाळ्याच्या तोंडावरही पाणी उघडे सापडते, आणि ज्या महिन्यात बर्फ नव्याने गायब झाला त्या महिन्यात हवेचे तापमान झेप घेते. परिणामी पूर्व आणि पश्चिम यांमधील हिवाळी तफावत कमी होत चालली आहे. आपल्या विद्यार्थ्यांनी १९६१–१९९० चे आकडे घेतले आहेत, ते ऐतिहासिक नकाशासाठी योग्य आहेत. आजचा नकाशा म्हणून ते दाखवू नयेत. लाँगइयरबेन विमानतळाची १९९१–२०२० ची वार्षिक सरासरी उणे ३.९ आहे. आधीच्या तीस वर्षांच्या तुलनेत हा जवळजवळ तीन अंशांचा बदल आहे. तीन अंश म्हणजे जुन्या नकाशावर नी-ओलेसुंड आणि ब्यॉर्नया यांच्यामध्ये तापमानाचे जे अंतर होते, त्यातील बहुतेक अंतर.

इथे नोंदींच्या इतिहासाबद्दल थोडे लिहिणे आवश्यक वाटते, कारण आपण ज्याला 'स्वालबार्डची दीर्घ नोंद' म्हणतो ती एका जागेची नाही. १८९८ पर्यंत मागे नेलेली विमानतळाची मालिका ही शिकारी व शोधमोहिमांच्या हिवाळी मुक्कामातील नोंदी, १९११ साली इसफ्योर्डच्या तोंडाजवळ ग्रीन हार्बर येथे सुरू झालेले केंद्र, नंतर बॅरेंट्सबर्ग व लाँगइयरबेन येथील केंद्रे आणि अखेर १९७५ मध्ये सुरू झालेले विमानतळावरील केंद्र, अशा अनेक तुकड्यांना एकमेकांशी जुळवून तयार केलेली आहे. जुळवणी करताना दोन जागांवर एकाच काळी घेतलेल्या नोंदींतील फरक पाहून दुरुस्ती करावी लागते, आणि हा फरक हिवाळ्यात व उन्हाळ्यात वेगळा असतो. या जुळवणीमागे किती कष्ट आहेत हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे. पूर्वेकडच्या जुन्या नोंदी त्याहून विरळ आहेत. नॉर्डऑस्टलँडवर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४-४५ मध्ये, जर्मन लष्कराचे 'हाउडेगेन' हे गुप्त हवामान केंद्र होते. युद्ध संपल्यानंतर कित्येक महिने, ४ सप्टेंबर १९४५ पर्यंत, तिथले सैनिक शरणागती पत्करण्यासाठी कुणी येण्याची वाट पाहत होते. इतक्या ईशान्येला हिवाळाभर माणसांनी राहून हवामान नोंदवल्याची उदाहरणे मोजकीच आहेत.

टोकाच्या नोंदींचेही तसेच आहे. विमानतळावर ४ मार्च १९८६ रोजी उणे ४६.३ आणि २५ जुलै २०२० रोजी २१.७ अंश नोंदले गेले, आणि हेच आकडे सर्वत्र स्वालबार्डचे नीचांक-उच्चांक म्हणून छापले जातात. ते त्या एका केंद्राचे आहेत. ऑस्टफोनाच्या माथ्यावर किंवा स्पिट्सबर्गनच्या आतल्या हिमपठारांवर १९८६ च्या त्या दिवशी काय होते, ते कुणी मोजलेले नाही.

आता दर कुठला वापरावा याविषयी. उन्हाळ्यासाठी किलोमीटरला साधारण सहा अंश धरले तर विद्यार्थ्यांच्या पातळीवर चालेल, मात्र किनाऱ्याजवळ धुके आणि थंड समुद्र यांमुळे खालचा थर आधीच गार असतो, त्यामुळे पहिल्या काही शे मीटरांत घट याहून कमी भरते. कधी कधी ढगांच्या वर गेल्यावर उलट ऊब लागते. हिवाळ्यासाठी मात्र एकच दर वापरू नये असा माझा स्पष्ट आग्रह आहे. हिमालेख यांनी सांगितलेली विपरीतता लक्षात न घेता किनाऱ्याच्या उणे पंधरामधून सरसकट साडेसहाच्या दराने वजाबाकी केली, तर डोंगर वास्तवापेक्षा खूप थंड दिसतील आणि दरीचे तळ वास्तवापेक्षा उबदार.

यावर चांगला उपाय उपलब्ध आहे. युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमाने आर्क्टिकसाठी 'कारा' नावाचा रीॲनालिसिस संच तयार केला आहे. केंद्रे, उपग्रह आणि फुगे यांच्या नोंदी हवामान-प्रतिमानात घालून, अडीच किलोमीटरच्या चौकटीवर, १९९१ पासूनचे तापमान त्यात दिले आहे. जगभरासाठीचा प्रसिद्ध 'ईआरए-५' संच सुमारे ३१ किलोमीटरच्या चौकटीचा आहे. त्यात इसफ्योर्डसारखी खाडी आणि तिच्या दोन्ही काठांचे डोंगर एकमेकांत विरघळून जातात, म्हणून स्वालबार्डच्या आतील फरक दाखवण्यासाठी तो घेऊ नये. दोन्ही संच विनामूल्य आहेत. 'कारा'चेही आकडे केंद्रांच्या नोंदींशी ताडून पाहावेत, विशेषतः शांत हिवाळी रात्रींचे, कारण जमिनीलगतचा तो पातळ थर प्रतिमानांना अजून पुरता पकडता येत नाही.

हिमालेख

मोजमाप यांच्या उत्तराला एक पुरवणी. सरासऱ्यांच्या नकाशात हिवाळ्यातील चढउतार दिसत नाहीत, आणि स्वालबार्डच्या पश्चिम किनाऱ्याचे खरे वैशिष्ट्य तेच आहे. नैर्ऋत्येकडून एखादे चक्रीवादळ कोमट, दमट हवा घेऊन आले की ऐन ध्रुवीय रात्रीत तापमान उणे वीसवरून शून्याच्या वर जाते आणि पाऊस पडतो. ३० जानेवारी २०१२ रोजी नी-ओलेसुंडला एका दिवसात ९८ मिलिमीटर पर्जन्य नोंदले गेले. ते पाणी हिमावर पडून गोठले, जमिनीवर बर्फाचे कवच तयार झाले, आणि रेनडिअरना खालचे खाद्य उकरता येईना. अशा वेळी पूर्वेकडे, बर्फाने वेढलेल्या किनाऱ्यावर, तीच हवा पोहोचेपर्यंत बरीच निवलेली असते. शिवाय हवा डोंगर ओलांडून उतरते तेव्हा फॉन या उतरताना तापणाऱ्या वाऱ्यांमुळे वाऱ्याआडच्या बाजूला आणखी काही अंशांची वाढ होते, म्हणून एकाच वादळात दोन शेजारच्या खाड्यांमध्येही फरक दिसतो. विद्यार्थ्यांना शक्य असेल तर एखाद्या फेब्रुवारी महिन्याचे रोजचे तापमान नी-ओलेसुंड, विमानतळ आणि होपेन या तीन केंद्रांसाठी एकाच आलेखावर काढायला सांगा. महिन्याच्या सरासरीत दोन-तीन अंशांनी वेगळी असलेली ही केंद्रे कुठल्या दिवशी एकत्र उसळी घेतात आणि कुठल्या दिवशी एकमेकांपासून पंधरा अंशांनी फुटतात, हे पाहताना त्यांना वादळांची वाट आपोआप सापडेल.

रेवती_कराड

हा आलेख नक्की करून घेते. नकाशे आता दोन काढायचे ठरले आहेत, फेब्रुवारीचा आणि जुलैचा, आणि दोन्हींवर कालावधी ठळक लिहायचा. एक अखेरची विचारणा: अगदी पूर्वेकडच्या क्वितया बेटाचा आकडा मुलांना हवा आहे, कारण नकाशाचा तो कोपरा रिकामा राहतो. तो मिळू शकेल का?

खारवारा

मिळेल, पण मर्यादा लक्षात ठेवून वापरावा. क्वितया जवळजवळ संपूर्णपणे हिमच्छदाखाली आहे. १८९७ साली फुग्यातून उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या आंद्रे या स्वीडिश शोधकाच्या तुकडीचे अवशेष १९३० मध्ये तिथल्या बर्फाबाहेरच्या लहानशा पट्टीवर सापडले होते. तिथले स्वयंचलित केंद्र अलीकडचे आहे, त्यामुळे १९६१–१९९० ची सरासरी तिथे नाही आणि ती जुन्या नकाशावर टाकता येणार नाही. नॉर्वेच्या हवामान संस्थेच्या विनामूल्य संकेतस्थळावर केंद्राचे नाव निवडून मासिक आकडे घेता येतात. अस्वलांनी, बर्फाने किंवा वीजपुरवठा बंद पडल्याने अशा केंद्रांच्या नोंदीत खंड पडतात; ज्या महिन्यात बरेच दिवस गहाळ असतील तो महिना वगळावा. १९६१–१९९० च्या नकाशावर तो कोपरा रिकामाच ठेवावा आणि तिथे 'नोंद उपलब्ध नाही' असे लिहावे. १९९१ नंतरच्या नकाशावर 'कारा'चा आकडा वेगळ्या रंगात भरावा, म्हणजे मोजलेले कोणते आणि अंदाजलेले कोणते, हे पाहणाऱ्याला लगेच कळेल.